डॅलसमध्ये विकत मिळणारी सीबीडीची डबी आयडाहो, दुबई आणि सांगलीत चालेल का?

टेक्सासमधल्या, डॅलसजवळच्या फ्रिस्कोच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. वय ६८, दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, रात्रीची झोप नाही. हृदयाची झडप बदललेली असल्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन चालू आहे, म्हणून दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या डॉक्टर देत नाहीत. मैत्रिणीने सीबीडीच्या, म्हणजे भांगेच्या झाडातल्या नशा न आणणाऱ्या घटकाच्या, गमी (जेलीच्या गोळ्या) सुचवल्या. गॅस स्टेशनला लागून असलेल्या दुकानात त्या लगेच मिळाल्या आणि डबीवर ‘पन्नासही राज्यांत कायदेशीर’ असे छापलेले आहे. जूनमध्ये सगळे सॉल्ट लेक सिटीला उतरून गाडीने यलोस्टोनला जाणार आहेत आणि सप्टेंबरमध्ये आई दुबईमार्गे परतणार आहेत. ही डबी आईंना द्यावी का, प्रवासात न्यावी का, पुढे सांगलीला पाठवता येईल का? शिवाय ग्रीन कार्डचा अर्ज अजून लटकलेला आहे आणि यजमानांच्या नोकरीत अधूनमधून ड्रग टेस्ट होते.

ताई, मी न्यू जर्सीत फार्मासिस्ट आहे. सीबीडीची विचारपूस करणारी आपली माणसे काउंटरवर रोज भेटतात आणि त्यांतल्या बहुतेकांची परिस्थिती तुमच्यासारखीच असते: आईवडिलांचे गुडघे, हातात व्हिसा आणि डोळ्यांसमोर एक सुंदर डबी. आधी उत्तर सांगते, मग कारणे. ही डबी आईंना आज देऊ नका. यलोस्टोनच्या गाडीत ठेवू नका. भारतात जाणाऱ्या बॅगेत तर अजिबात नको. सीबीडी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. पण एखादी वस्तू टेक्सासच्या दुकानात उघड विकली जाते म्हणून ती वापरणारा सगळीकडे सुरक्षित आहे, असा अर्थ होत नाही. सीमा ओलांडली की नियम बदलतो आणि डबी मात्र तीच राहते.

कायद्याच्याही आधी वॉर्फरिनबद्दल बोलू, कारण मला खरी काळजी त्याची आहे. वॉर्फरिन शरीरात मोडून टाकायचे काम यकृतातली जी विकरे करतात, त्यांतल्या काहींचा वेग सीबीडीमुळे मंदावतो. मग तीच गोळी, तेवढ्याच मात्रेत, जास्त जोरात काम करते. सीबीडी सुरू केल्यावर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, चढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. आयएनआर चढला की हिरडीतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, आणि पडझड झाली तर डोक्यात रक्तस्राव. यलोस्टोनच्या वाटेवर, जवळचे मोठे हॉस्पिटल दोन तास लांब असताना, ६८ वर्षांच्या बाईला हे होणे म्हणजे काय याचा विचार करा. आधीपासूनच्या आजाराचा खर्च म्हटला की व्हिजिटर इन्शुरन्सवाले बहुतेक वेळा हात वर करतात, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. फिटसाठी क्लोबाझाम किंवा व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांना आणि अवयव बदलल्यावर टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनाही मी हेच सांगते.

आणि एवढा धोका पत्करून गुडघ्याला मिळते काय? हाताच्या सांध्यांची झीज आणि सोरायसिसचा संधिवात असलेल्या सव्वाशेहून जास्त रुग्णांवर डेन्मार्कमध्ये एक चाचणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज २० ते ३० मिलिग्रॅम सीबीडी, बारा आठवडे. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा या लोकांचे दुखणे कमी झाले नाही. दुकानातल्या गमीत साधारण एवढीच मात्रा असते. ज्या आजारांत सीबीडीचा उपयोग पक्का सिद्ध झाला आहे ते फार थोडे आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने, म्हणजे एफडीएने, जून २०१८ मध्ये एपिडिओलेक्स नावाचे शुद्ध सीबीडीचे औषध लहान मुलांच्या दोन दुर्मीळ, हट्टी फिट्सच्या आजारांसाठी मंजूर केले आणि २०२० मध्ये आणखी एका आजाराची भर पडली. तिथे मात्रा शरीराच्या वजनावर ठरते, यकृताच्या तपासण्या करतात आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. गॅस स्टेशनवरच्या डबीचा आणि त्याचा संबंध फक्त नावापुरता.

आता ‘पन्नासही राज्यांत कायदेशीर’. हे वाक्य कुठल्याही सरकारी खात्याने दिलेले नसते, उत्पादकाने स्वतःच छापलेले असते. त्याच्या मुळाशी २०१८ चा फार्म बिल कायदा आहे. त्याने भांगेच्या झाडाचे दोन भाग पाडले. ज्या झाडात डेल्टा-९ टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यापर्यंतच आहे ते ‘हेम्प’, आणि त्याच्या वर ते ‘मारिजुआना’. हेम्प आणि त्यापासूनचे पदार्थ केंद्राच्या अमली पदार्थांच्या यादीतून बाहेर आले. पण याच कायद्याने राज्यांना जास्त कडक नियम करायची मुभा ठेवली आणि एफडीएच्या अधिकाराला हात लावला नाही. एफडीए अजूनही सांगते की सीबीडी अन्नपदार्थांत घालून किंवा पोषणपूरक म्हणून विकता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केले की सध्याच्या नियमांत सीबीडी बसत नाही, संसदेने नवी वाट काढावी. म्हणजे केंद्राच्या पातळीवर तुमची गमी अमली पदार्थ नसेलही, पण खाऊ म्हणून तिला मान्यताही नाही. या मधल्या जागेत प्रत्येक राज्याने आपापला नियम केला आहे.

त्या ०.३ टक्क्याचा हिशेब एकदा हातात पेन घेऊन करून बघा. झाडाच्या फुलासाठी ठरवलेला हा आकडा उत्पादकांनी गमीला लावला. चार ग्रॅमची एक गमी म्हणजे ४००० मिलिग्रॅम. त्याचे ०.३ टक्के म्हणजे १२ मिलिग्रॅम टीएचसी. कॅलिफोर्नियात परवाना असलेल्या गांजाच्या दुकानात, ओळखपत्र दाखवून जो नशेचा खाऊ मिळतो, त्यात एका वाट्याला कमाल मर्यादा १० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ‘हेम्प’च्या नावाने, ०.३ टक्क्याच्या आत राहून, त्याहून जास्त नशा आणणारी गमी बनवता येते आणि ती खरोखरच बनवली जाते. ३० मिलीच्या तेलाच्या बाटलीत याच मर्यादेत राहून ऐंशीच्या पुढे मिलिग्रॅम टीएचसी मावते. तुम्ही लिहिले आहे की डबीवर सीबीडीच्या खाली बारीक अक्षरात ‘डी-९’, म्हणजे डेल्टा-९ टीएचसी, असेही आहे. ताई, मग ती सांधेदुखीची गमी नव्हेच, सीबीडी तिच्यात नावाला असेल. त्याच फळीवर ‘डेल्टा-८’, ‘टीएचसीए’, ‘एचएचसी’ लिहिलेल्या वस्तू असतात. या सगळ्या नशेच्याच आहेत. पहिल्यांदा घेणाऱ्या वयस्कर माणसाला यातून चक्कर, धडधड, भास होऊ शकतात आणि आपल्याला काय होते आहे तेच त्यांना कळत नाही.

टेक्सासमध्ये २०१९ च्या कायद्याने हेम्पपासूनचे सीबीडी विकायला परवानगी दिली, ती आजही आहे. २०२५ मध्ये टीएचसी असलेल्या सगळ्या हेम्प पदार्थांवर बंदी घालणारे विधेयक तिथल्या विधिमंडळाने मंजूर केले, पण गव्हर्नर ॲबट यांनी जूनमध्ये ते नाकारले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी आदेश काढून २१ वर्षांखालच्यांना हे पदार्थ विकायला मनाई केली. त्याच महिन्यापासून या घटकांच्या व्हेप विकण्यावरही बंदी आली. म्हणजे साधे सीबीडी तेल किंवा मलम टेक्सासच्या दुकानातून विकत घेणे आज गुन्हा नाही. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. डबीतल्या मालात डेल्टा-९ चे प्रमाण ०.३ टक्क्याच्या वर निघाले, तर टेक्सासचा कायदा गमीला गांजाच्या पाल्यापेक्षा कितीतरी जास्त गंभीर धरतो. दोन औंसांपर्यंतचा पाला बाळगणे हा किरकोळ गुन्हा आहे, जास्तीत जास्त १८० दिवस. पण झाडापासून वेगळे काढलेले टीएचसी एक ग्रॅमपेक्षा कमी असले तरी तो थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे. आणि वजन करताना साखर, जिलेटिन सगळे धरतात. वीस गमींची डबी साधारण ८० ग्रॅमची भरते. कागदावर हा दोन ते वीस वर्षांच्या शिक्षेचा वर्ग आहे. प्रत्यक्षात सगळ्यांना अशी शिक्षा होते असे नाही, पण अटक, जामीन, वकील आणि बोटांचे ठसे एवढ्यानेच व्हिसावरच्या माणसाचे आयुष्य उलटेपालटे होते.

‘पण माझ्या मालात टीएचसी नाहीच’ हे रस्त्याच्या कडेला सिद्ध करता येत नाही. पोलिसांच्या हातातली रंग बदलणारी चाचणी भांगेच्या झाडाचा अंश आहे की नाही एवढेच सुचवते. ०.२ टक्के की ०.५ टक्के हे तिला कळत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते आणि तिथून अहवाल यायला आठवडे लागतात. एप्रिल २०१९ मध्ये फ्लोरिडात एका मोठ्या करमणूक उद्यानाच्या दारात एका पणजीला अशीच अटक केली. संधिवातासाठी डॉक्टरांनी सुचवलेले सीबीडी तेल पर्समध्ये होते. पुढे खटला मागे घेतला गेला, पण बेड्या तर पडल्याच. त्यानंतर तिथला कायदा बदलला. मात्र दारावरच्या शिपायाचा पहिला प्रश्न अजूनही तोच असतो.

यलोस्टोनच्या रस्त्यावर तुम्हाला एकाच दिवसात तीन वेगळे कायदे लागतात, म्हणून हा भाग नीट वाचा. युटामध्ये सीबीडी चालते, पण तिथे विकले जाणारे प्रत्येक उत्पादन राज्याच्या कृषी व अन्न खात्याकडे नोंदवलेले असावे लागते. सॉल्ट लेक सिटीहून महामार्ग १५ ने उत्तरेला निघालात की दीड तासाच्या आसपास आयडाहोची हद्द लागते, आणि तिथे ०.३ टक्के हा आकडा तुमच्या कामाचा राहत नाही. आयडाहोत सीबीडी चालायचे असेल तर त्यात टीएचसी शून्य हवे, थोडे नव्हे, शून्य. हेम्पची शेती कायदेशीर करणारे ते देशातले शेवटचे राज्य, २०२१ साली. जानेवारी २०१९ मध्ये ओरेगॉनहून कोलोरॅडोला चाललेला सुमारे ६७०० पौंड हेम्पचा ट्रक आयडाहोच्या पोलिसांनी अडवला, माल जप्त केला आणि ड्रायव्हरला तुरुंगात घातले. केंद्राचा फार्म बिल कायदा तेव्हा जेमतेम महिन्याचा होता आणि कागदपत्रांवर हेम्प असेच लिहिले होते. नुसते राज्यातून पलीकडे जाणाऱ्या ट्रकची ही गत. पुढे वायोमिंगने २०२४ मध्ये डेल्टा-८ सारख्या नशेच्या हेम्प पदार्थांवर बंदी घातली. आणि यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे आत केंद्राचा कायदा आणि केंद्राचे रेंजर. मोंटानात गांजा खुला आहे, वेस्ट यलोस्टोन गाव मोंटानात आहे, म्हणून तिथून काही घेऊन उद्यानात जाणारे लोक असतात. तुम्ही तसे करू नका. उद्यानाच्या फाटकाच्या आत तो केंद्राचा गुन्हा आहे.

बाकीच्या राज्यांबद्दल थोडक्यात, कारण आपल्या लोकांचे जाणेयेणे असते. कॅलिफोर्निया म्हणजे सगळे चालते असे मानणाऱ्यांना आश्चर्य वाटेल, पण सप्टेंबर २०२४ पासून तिथे हेम्पच्या खाण्यापिण्याच्या पदार्थांत टीएचसी सापडताच कामा नये असा नियम आहे. गांजाचा खाऊ चालतो, पण तो परवान्याच्या दुकानातूनच. व्हर्जिनियात जुलै २०२३ पासून एका पाकिटात दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही, अपवाद फक्त ज्यात सीबीडी टीएचसीच्या किमान पंचवीस पट आहे त्याचा. आमच्या न्यू जर्सीत प्रौढांना गांजा कायदेशीर आहे, पण त्याने व्हिसावरच्या माणसाला काहीही संरक्षण मिळत नाही. त्याकडे लगेच येते.

त्याआधी एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा: १२ नोव्हेंबर २०२६. त्याच्या बरोबर वर्षभर आधी राष्ट्राध्यक्षांच्या सहीने जो खर्चाचा कायदा झाला, त्यात हेम्पची व्याख्या बदलली आहे. आता फक्त डेल्टा-९ नव्हे, टीएचसीए धरून सगळे टीएचसी मोजायचे, आणि ग्राहकाला विकायच्या एका डबीत किंवा बाटलीत मिळून ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. वर मी १२ मिलिग्रॅमची एकच गमी दाखवली. आता अख्ख्या डबीला ०.४. त्या दिवसापासून आज दुकानांत उघड विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या ‘फुल स्पेक्ट्रम’ (टीएचसी न काढलेल्या) बाटल्या केंद्राच्या कायद्याने पुन्हा मारिजुआना ठरतात. कपाटात मागे राहिलेली जुनी बाटलीसुद्धा. घरात अशी काही असेल तर त्या तारखेपर्यंत ठेवू नका.

ग्रीन कार्डचे आता. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा आहे, राज्याने काय मोकळे केले याच्याशी त्याला देणेघेणे नाही. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्याने स्पष्ट केले की गांजाशी संबंधित कृती, राज्यात ती कायदेशीर असली तरी, नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सच्चारित्र्याच्या अटीत अडथळा ठरू शकते. शिवाय अमली पदार्थाच्या कायद्याचा भंग केल्याची नुसती कबुली, कोर्टाची शिक्षा नसतानाही, परदेशी माणसाला प्रवेश नाकारायला पुरते. शुद्ध हेम्पचे सीबीडी केंद्राच्या अमली पदार्थांच्या यादीत नाही, म्हणून त्यासाठी कोणी घाबरून जाऊ नये. पण डबीत खरोखर काय आहे हे तुम्हाला कुठे माहीत आहे? आणि मुलाखतीत ‘तुम्ही कधी गांजा घेतला आहे का’ या प्रश्नावर ‘हो, आईंना ती गमी दिली होती, मीही एक खाऊन पाहिली’ असे भाबडेपणाने सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. अर्ज लटकलेला असताना गांजाच्या दुकानात (त्याला इथे डिस्पेन्सरी म्हणतात) पाऊल टाकू नका, तिथल्या बिलाचे, कार्डाचे, फोटोचे काहीही मागे ठेवू नका. आधी काही घडून गेले असेल तर मुलाखतीआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. हे काम फार्मासिस्टचे नाही, मित्रमंडळींचेही नाही.

यजमानांच्या ड्रग टेस्टबद्दल. लघवीच्या चाचणीत सीबीडी शोधत नाहीत, टीएचसी शरीरात मोडून जो पदार्थ बनतो तो शोधतात. पहिल्या चाळणीची मर्यादा सहसा दर मिलीला ५० नॅनोग्रॅम, नक्की करायच्या चाचणीची १५. रोज घेतलेल्या फुल स्पेक्ट्रम तेलातले थोडेथोडे टीएचसी चरबीत साठत जाते आणि एके दिवशी मर्यादा ओलांडते. ‘मी फक्त सीबीडी घेतो’ हे उत्तर चालत नाही. ट्रक, बस, विमान, रेल्वे या नोकऱ्यांवर देखरेख करणाऱ्या परिवहन खात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये लेखी कळवले आहे की सीबीडी हे चाचणी सापडण्याचे मान्य वैद्यकीय कारण नाही. यजमान स्वतः घेत नसले तरी घरात एकाच फळीवर दोन सारख्या डब्या ठेवू नका. मुलांच्या जेलीच्या गोळ्या आणि या गमी दिसायला अगदी एकसारख्या असतात, हे लहान मुले असलेल्या घरांना मी पुन्हा पुन्हा सांगते.

पुढे कधी डॉक्टरांशी बोलून सीबीडी वापरायचेच ठरले, तर बाटली अशी वाचा. आधी तीन शब्द: ‘फुल स्पेक्ट्रम’ म्हणजे टीएचसीसकट सगळे, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ म्हणजे टीएचसी काढून टाकल्याचा दावा, ‘आयसोलेट’ म्हणजे फक्त सीबीडी. तुमच्या परिस्थितीत फक्त तिसरे. मग बाटलीवरचा क्यूआर कोड फोनने उघडा. तो कंपनीच्या पहिल्या पानावर नेत असेल तर बाटली परत ठेवा. त्याने प्रयोगशाळेच्या अहवालावर नेले पाहिजे आणि अहवालावरचा बॅच क्रमांक तुमच्या बाटलीच्या बुडाशी छापलेल्या क्रमांकाशी तंतोतंत जुळला पाहिजे. अहवालात प्रयोगशाळेचे नाव कंपनीच्या नावापेक्षा वेगळे आहे ना, तारीख ताजी आहे ना, हे पाहा. टीएचसीच्या ओळीत ‘एनडी’ म्हणजे सापडले नाही असे असते, पण शेजारच्या रकान्यात किती कमी प्रमाण मोजता येते तेही दिलेले असते. मापच जाडे असेल तर ‘सापडले नाही’ला किंमत नाही. टीएचसीए, डेल्टा-८ यांच्या ओळी आहेत का ते पाहा, मुद्दाम गाळलेल्या असतात. शिसे, कॅडमियम, कीटकनाशके, राहिलेले द्रावक यांची पाने असली पाहिजेत. हा चिकित्सकपणा उगाच नाही. २०१७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या पाहणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या ८४ उत्पादनांपैकी जेमतेम ३१ टक्क्यांवर सीबीडीचे प्रमाण बरोबर छापलेले होते आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. आणखी एक: ‘हेम्प सीड ऑइल’ म्हणजे भांगेच्या बियांचे खाण्याचे तेल, त्यात सीबीडी जवळपास नसतेच. ॲमेझॉन सीबीडी विकू देत नाही, त्यामुळे तिथे मिळणाऱ्या ‘हेम्प ऑइल’च्या बाटल्यांचे पैसे देताना हे लक्षात ठेवा.

टेक्सासमध्ये डॉक्टरांमार्फत मिळणाऱ्या कमी टीएचसीच्या औषधांची योजना आहे आणि सप्टेंबर २०२५ पासून जुनाट दुखणे त्यात आले आहे. पण ती टेक्सासच्या कायम रहिवाशांसाठी आहे. व्हिजिटर व्हिसावरच्या आईंना तिचा उपयोग नाही, आणि ग्रीन कार्डच्या अर्जदारांनी तिच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

विमानाचे दोन टप्पे वेगळे धरा. देशांतर्गत विमानतळावर सुरक्षा तपासणीवाले ०.३ टक्क्याच्या आतले हेम्प पदार्थ नेऊ देतात, पण शंका आली तर स्थानिक पोलिसांना कळवतात, आणि मग त्या राज्याचा नियम. परदेशाची गोष्ट निराळी. अमिरातीत सीबीडी उत्पादनांना बंदी आहे, अमेरिकी सरकार आपल्या नागरिकांना तसा इशाराच देते. विमान चुकले, हॉटेलात राहावे लागले, बॅग बाहेर आली, की तुम्ही त्यांच्या हद्दीत. सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनाही तेच, आणि हाँगकाँगने १ फेब्रुवारी २०२३ पासून सीबीडीलाच घातक अमली पदार्थांच्या यादीत घातले आहे. टपालाने पाठवायचा विचारही नको. अमेरिकी टपाल खाते हेम्पचे पदार्थ देशात नेते, परदेशी पाठवायला घेत नाही.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ०.३ टक्के असा उंबरठाच नाही. तिथे झाडाचा कोणता भाग वापरला हे बघतात. राळ म्हणजे चरस, फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि या दोहोंचे कोणतेही मिश्रण, हे सगळे कायद्याच्या कक्षेत. पाने आणि बिया, शेंड्यांशिवाय असतील तर, बाहेर. अमेरिकेतले सीबीडी बहुतेक फुलोऱ्यातूनच काढतात. त्यात भर म्हणजे वजन शुद्ध पदार्थाचे नव्हे, अख्ख्या मिश्रणाचे धरतात, २००९ च्या अधिसूचनेनुसार, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. मुंबई विमानतळावर टेक्सासची पावती आणि प्रयोगशाळेचा अहवाल दाखवून कस्टम्सवाल्याचे समाधान होणार नाही.

पानांवर भारतात राज्याराज्यांचे नियम आहेत. राजस्थान आणि उत्तर प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगता येत नाही. उत्तराखंडने २०१८ मध्ये कमी टीएचसीच्या हेम्पच्या व्यापारी शेतीला परवाना दिला. खाद्य म्हणून नोव्हेंबर २०२१ पासून हेम्पच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ चालते, पण त्यात सीबीडी किलोला ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. म्हणजे सीबीडीची गमी खाऊ म्हणून तिथेही बसत नाही.

आईंना सांगलीत कोणी ‘विजया’ (म्हणजे भांग) असलेले आयुर्वेदिक औषध सुचवले, तर तो स्वतंत्र आणि कायदेशीर मार्ग आहे. ही औषधे राज्याच्या परवाना अधिकाऱ्याने दिलेल्या आयुर्वेदिक उत्पादन परवान्याखाली बनतात. भांग विषारी द्रव्यांच्या यादीत असल्यामुळे डबीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना इंग्रजी आणि हिंदीत असलीच पाहिजे. परवाना क्रमांक आणि ही सूचना दोन्ही नसतील तर ते घेऊ नका, इन्स्टाग्रामवर कितीही गोड जाहिरात असो. संधिवात, कर्करोग, मधुमेह बरा करतो असा दावा करणारी जाहिरात तर १९५४ च्या कायद्याखाली गुन्हाच आहे. आणि वैद्यांना वॉर्फरिनची चिठ्ठी आधी दाखवायची, कारण औषध आयुर्वेदिक असले तरी यकृत तेच असते.

सध्या आईंच्या गुडघ्यांसाठी फ्रिस्कोतल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: वरून लावायचे डायक्लोफिनॅक जेल त्यांना चालेल का, सांध्यात इंजेक्शन देता येईल का आणि फिजिओथेरपीच्या दोन-चार बैठका मिळतील का. जेल आता चिठ्ठीशिवाय मिळते, पण वॉर्फरिनवर असताना न विचारता सुरू करू नका. पॅरासिटामॉल, म्हणजे इथले टायलेनॉल, रोज सलग घेतले तरी आयएनआर चढतो, तेव्हा तेही सांगून. आणि आईंनी त्या गमीतली एखादी आधीच खाल्ली असेल तर आज डॉक्टरांना फोन करून आयएनआर तपासून घ्या. यलोस्टोनला निघायच्या आधी तो पुन्हा एकदा तपासा आणि आकडा लिहिलेला कागद आईंच्या पर्समध्ये राहू द्या.